घर ते गोठा, साड्यांची दोरी

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि, राग मानू नका, पण बरेचसे जेवताना करमणूक म्हणून वाचते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणी येऊन सांगितलं की अमुक एक गोष्ट आपोआप घडली, की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं — पुन्हा घडवून दाखव. नाही दाखवता आली तर विषय संपला. आमच्या घरी बाबांनी कुणाची दृष्टसुद्धा काढू दिली नाही कधी. त्यामुळे हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. पण ताई परवा फोनवर म्हणाली, "लिहून टाक एकदाचं, नाहीतर मला विचारून विचारून जीव खाशील माझा." म्हणून लिहिते.

२०१४ चा जानेवारी. आम्ही तेव्हा सिंगापूरला सेंगकांगमध्ये एका भाड्याच्या एचडीबी म्हणजे सरकारी फ्लॅटमध्ये राहत होतो. मी आणि माझा नवरा समीर. माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला. इथल्या नव्या सरकारी फ्लॅट्सना एक बॉम्ब शेल्टर असतं. नाव ऐकून घाबरू नका, मोठ्या कपाटाएवढी खोली असते. चारी बाजूंनी जाड काँक्रीट आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं जाडजूड लोखंडी दार. युद्ध झालं तर सगळ्यांनी आत जाऊन बसायचं. युद्ध होईपर्यंत प्रत्येक जण तिथे रद्दी, सूटकेसेस, तांदळाची पोती आणि गणपतीचं मखर ठेवतो. मी माझ्या साड्या ठेवत असे. इथल्या दमट हवेत रेशमाला बुरशी धरते, म्हणून साड्यांच्या बॅगेत डांबराच्या गोळ्या टाकायचे. आमच्या ब्लॉकखालच्या दुकानात त्या रंगीत मिळतात, गुलाबी, हिरव्या, लहान मुलांच्या गोळ्यांसारख्या. मी गुलाबी आणायचे.

शेल्टरमधला दिवा गेलेला होता. समीर दिवाळीपासून "आज लावतो" म्हणत होता. दार सताड उघडं ठेवलं की समोरच्या बोळातून पुरेसा उजेड यायचा, म्हणून मीही फार मागे लागले नाही.

आता ताईबद्दल. नीलाताई माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही मूळच्या इस्लामपूरच्या. बाबांचा मांडवाचा व्यवसाय होता. लग्नं, मुंजी, सभा, कुठेही मांडव घालायचा असला की आमच्या बाबांना बोलावणं. आम्हाला भाऊ नाही, त्यामुळे लहानपणी सुट्टीत आम्ही दोघीच त्यांच्या हाताखाली. बाबा शिडीवर, ताई किंवा मी खाली कापडाचं टोक धरून. वर गाठ मारून झाली की बाबा एक झटका द्यायचे. खालच्याने उलट झटका द्यायचा. म्हणजे गाठ बसली, माणूस जागेवर आहे, पुढच्या खांबाकडे चला. मांडवात एवढा गोंगाट असतो की तोंडाने बोलून उपयोग नसतो.

ताई पुढे मिरजेला नर्सिंगला गेली, तिथून मुंबई, तिथून कॅनडा. लग्न करणार नाही म्हणून आईच्या तोंडचं पाणी पळवलं होतं तिने. आणि चाळिशीत एके दिवशी फोन करून सांगितलं की सस्कॅचेवानमधल्या स्टीव्ह नावाच्या मेंढपाळाशी रजिस्टर लग्न केलं! मेंढपाळ म्हणजे छोटं कौटुंबिक फार्म. स्टीव्हच्या आजोबांनी वसवलेलं लाकडी घर, एक गोठा, गवताच्या गंजी आणि मेंढ्या. शेजारचं घर दिसतसुद्धा नाही, एवढं लांब. आईने दोन सारख्याच हिरव्या पैठण्या घेतल्या, एक मला, एक तिला. त्याशिवाय मावश्या-काकूंनी दिलेल्या साड्या वेगळ्या. मी तिला म्हणायचे, "ताई, तिथे पैठणी नेसून मेंढ्यांना चारा घालतेस का गं?" ती म्हणायची, "नेसेन एखाद दिवस. मेंढ्या बघतील तरी."

आदल्या ऑक्टोबरात स्टीव्ह गंजीवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते बिघडलं, दुसरं झालं. जानेवारीतही तो शहरातल्या हॉस्पिटलातच होता. ताई फार्मवर एकटी. मी तिला रोज सांगत होते, मेंढ्या विकून टाक, सिंगापूरला ये, इथे निदान ऊन तरी आहे. ती ऐकणाऱ्यातली असती तर तिथे गेलीच कशाला असती?

थंडी तिथली म्हणजे आपल्याला कल्पना नाही. ती सांगायची, पापण्या एकमेकींना चिकटतात. पाण्याच्या हौदावर रोज बर्फ धरतो, तो कुऱ्हाडीने फोडायचा. गवताचे भारे गोठून लाकूड होतात. आणि ती हे सगळं असं सांगायची जसं काही कुणी विचारलंय, आज भाजी काय केली. मी इथे एसी कमी करून पांघरूण घेणारी बाई. ऐकूनच मला हुडहुडी भरायची.

दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला स्टीव्ह घराच्या ओसरीपासून गोठ्याच्या दारापर्यंत एक जाड दोर बांधायचा. का, तर तिकडे बर्फाचं वादळ येतं तेव्हा समोरचं काहीच दिसत नाही. वर, खाली, चारी बाजूंना नुसतं पांढरं. रात्रीचं तर विचारूच नका. घर आणि गोठा हाकेच्या अंतरावर असले तरी माणूस मधे वाट चुकतो, गोल गोल फिरतो आणि तिथेच संपतो. स्टीव्हच्या आजोबांचा एक भाऊ तसाच गेला होता, घराच्या कुंपणापाशी सापडला. म्हणून दोर. हाताने धरून जायचं, हाताने धरून यायचं. त्या वर्षी स्टीव्ह हॉस्पिटलात, त्यामुळे दोर बांधलाच गेला नाही. दोर होता तो लांबच्या ट्रॅक्टर शेडमध्ये, आणि शेडचं दार बर्फाखाली.

त्या सकाळी — माझी सकाळ, तिची संध्याकाळ — ताईचा फोन आला. आदल्या रात्री आमच्या ऑफिसात मोठं रिलीज झालं होतं म्हणून मला उशिरा जायची मुभा होती. समीर कामावर गेला होता. मी स्वयंपाकघरात फोन चार्जिंगला लावून, स्पीकरवर टाकून पोह्यांना कांदा चिरत होते.

"मंजे, वादळ आलंय," ताई म्हणाली. "दुपारपासून लाईट गेलेत. फोनची लाईन चालू आहे तेवढी. मी आता गोठ्यात जाऊन येते."

"अगं वेडी झालीस का? आता बाहेर पडू नकोस."

"दोघी जणी व्यायला आल्यात. कोकरू ओलं बाहेर येतं, पुसून कोरडं केलं नाही तर अर्ध्या तासात गोठतं. स्टीव्हने वर्षभर जपलंय त्यांना."

"आणि दोर? दोर तर नाहीये."

तेव्हा ती हसली. म्हणाली, "आहे की! दुपारी वारा जरा कमी होता तेव्हा लावून आले. सगळ्या साड्या काढल्या बॅगेतून. शेगडीपाशी बसून एकीला एक बांधत गेले. इरकल, नारायणपेठ, काकूचं ते भयंकर जांभळं प्रकरण... सगळ्या सुती संपल्या तरी थोडी कमी पडत होती, मग मधे पैठणी घातली. आईला सांगू नकोस."

मीही हसले. खरंच हसले. बर्फात फडफडणारी आईची पैठणी डोळ्यांसमोर आली. ताई म्हणाली, परत आले की फोन करते, आणि फोन ठेवला.

मी कांदा तसाच टाकून शेल्टरमध्ये गेले. कशाला? नुसतंच. माझी हिरवी पैठणी बघावीशी वाटली. बॅगेची चेन उघडली, साडी काढली, पदर हातात घेतला आणि तो बोटांतून सुळ्ळकन सरकला. पुन्हा मुठीत धरला, पुन्हा सरकला.

इथे थोडं मांडवाचं सांगावं लागेल. सुती कापडाची साधी गाठ बसते. रेशमाची, सॅटिनची बसत नाही. ताण आला की सरकते, आणि गाठ मारणाऱ्याला कळतही नाही. म्हणून बाबा सॅटिनच्या झालरी बांधताना कापडाच्या टोकात एक खडा घालायचे. खड्याभोवती कापड वळवून त्याचं बोंड करायचं आणि त्या बोंडाच्या मानेशी दुसरं टोक आवळायचं. मग हत्तीने ओढलं तरी सुटणार नाही. पण सॅटिन आमच्याकडे उशिरा आलं. तोवर ताई मिरजेला गेलेली होती. बाबांबरोबर सॅटिनच्या झालरी बांधल्या त्या मी. ताईने जन्मात खड्याची गाठ मारलेली नव्हती. तिला आपण चूक केली हेसुद्धा कळलं नसणार. मांडववाल्याची मुलगी, डोळे मिटून गाठी मारणारी... तिने पैठणीला साधी गाठ मारली होती आणि त्या गाठीच्या भरवशावर ती वादळात उतरणार होती.

मी फोनकडे धावायला वळले. तिच्याकडची लाईन अजून चालू असणार, कदाचित ती बूट घालत असेल. आणि नेमका तेव्हाच वाऱ्याचा झोत आला. जानेवारीत इथे वारा असतो, स्वयंपाकघराच्या खिडक्या उघड्या होत्या. ते जड लोखंडी दार, जे मला एरवी दोन्ही हातांनी ढकलावं लागतं, ते धाडकन बंद झालं. पाठोपाठ बाहेर काहीतरी खडखडत कोसळलं.

कपडे वाळत घालायचे लांब बांबू. आधीच्या भाडेकरूने ठेवलेले, मी शेल्टरशेजारी भिंतीला टेकवून उभे केले होते. ते बोळात आडवे पडले. बोळ अरुंद. एक टोक समोरच्या भिंतीला, दुसरं या दाराला. मी आतली खिटी फिरवली, ती फिरली. दार ढकललं. बोटभर हललं आणि थांबलं. खांदा लावला, पाठ लावली, तांदळाच्या पोत्यावर पाय रोवून ढकललं. बोटभरच. आयुष्यभर मांडवाच्या बांबूंवर आमचं घर चाललं, आणि आज त्याच बांबूंनी मला कोंडलं होतं.

मी ओरडले. दार बडवलं. त्या भिंती बॉम्बसाठी बांधलेल्या, माझा आवाज कुठे जाणार? वर हवेसाठी झाकणं असतात, ती मालकाने झुरळं येतात म्हणून बंद करून टाकलेली. आत काळोख, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि घाम. मी घड्याळही घातलेलं नव्हतं. मला बंद जागेची भीती नाही, म्हणजे तोवर नव्हती. खरी भीती वेगळीच होती. मला माहीत होतं की गाठ सुटणार आहे. जगात फक्त मला माहीत होतं. आणि मी सांगू शकत नव्हते.

मग स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला.

ते अजून माझ्या कानात आहे. दाराच्या त्या बोटभर फटीतून रिंग ऐकू येत होती. पूर्ण वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी "ताई, जाऊ नकोस, खडा घाल, खडा घाल" असं ओरडत होते. कुणाला ओरडत होते ते मलाच माहीत नाही. मी रडत होते, नाक गळत होतं, हातात पैठणीचा पदर तसाच होता. फोन बंद झाला. नंतर वाजला नाही.

मी खाली बसले. ताईला शिव्या घातल्या. स्टीव्हला घातल्या. समीरला त्या दिव्यापायी घातल्या. आणि मग मला थंडी वाजायला लागली.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. घाबरलेल्या माणसाला थंडी वाजते, घाम गार पडतो. मीही हेच म्हटलं असतं. पण ही थंडी पायांकडून आली. फरशी गार झाली, इतकी की बूड टेकवेना, मी उठून उभी राहिले. श्वास घेतला तर नाकात आत काहीतरी टोचलं. आणि डांबराच्या गोळ्यांचा वास गेला. त्या जागी ओल्या लोकरीचा वास आला. वाळल्या गवताचा. मी आयुष्यात कधी मेंढीच्या जवळसुद्धा गेलेली नाही, पण दुसरं काही सुचलं नाही मला. मेंढ्याच.

हातातला पदर ओला झाला होता. ओला आणि मग ताठ, खळ घातल्यासारखा. आणि तो सरकत होता. माझ्या मुठीतून हळूहळू बाहेर जात होता, जसं कुणी दुसऱ्या टोकाला धरून चाललंय, अगदी सावकाश, एकेक पाऊल. मी घट्ट धरलं. दुसरा हात काळोखात फिरवला, बॅग शोधत होते का काय कोण जाणे, आणि हाताला आणखी एक टोक लागलं. जाडंभरडं, सुती. बॅगेत माझ्याकडे एकही सुती साडी नव्हती. सुती मी कपाटात ठेवते, रोज लागतात म्हणून.

विचार केला नाही. विचार केला असता तर किंचाळले असते. बोटांनीच केलं ते. बॅगेच्या तळाशी एक डांबराची गोळी सापडली, ती पदराच्या टोकात घातली, कापड वळवलं, बोंड केलं, सुती टोक मानेभोवती दोनदा फिरवलं आणि दातात धरून आवळलं. ओठाला बर्फ लागला. बोटं बधिर झाली होती, पण गाठ बसल्याचं बोटांना कळतं, मांडवात काम केलेल्या कुणालाही विचारा.

तेवढ्यात पलीकडून झटका आला.

एकच. छोटा. मी नकळत उलट झटका दिला.

मग कापड ताठ झालं, सतारीच्या तारेसारखं, आणि माझ्या हातांतून त्याचा कंप जात राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी धरून उभी होते. मग ते सैल पडलं, माझ्या पायाशी गोळा झालं, आणि काही वेळाने मला पुन्हा घाम यायला लागला.

मला बाहेर काढलं ते शेजारच्या चिनी ॲन्टीने. ती बाजारातून येत होती, आमचं बाहेरचं दार उघडं होतं आणि जाळीच्या गेटमधून तिला दार ठोठावल्याचा आवाज आला. आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. तिने आत येऊन बांबू बाजूला केले. दार उघडल्यावर उजेडाने माझे डोळे दिपले. ॲन्टीने मला उठवायला हात धरला आणि पटकन सोडला.

"अय्यो! व्हाय युवर हँड सो कोल्ड? लाइक फ्रोझन फिश, ला!"

हे ॲन्टीचे शब्द आहेत, माझे नाहीत. त्या बोळात तेव्हा माझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

मी फोनकडे पळाले. मिस्ड कॉल दोन्ही माझ्या टीम लीडचे होते. रिलीजमध्ये काहीतरी फुटलं होतं. ताईचा एकही नव्हता. मी तिला लावला, लाईन बंद. पुन्हा लावला, बंद. ॲन्टीने मला गरम मायलो, इथलं कोकोचं पेय, करून दिलं आणि शेजारी बसून राहिली. समीर धावत आला. त्याला मी फक्त कोंडले गेल्याचं सांगितलं, बाकी काही नाही. त्याने त्याच दिवशी दिवा बसवला, ऑफिसच्या कपड्यांत.

तो दिवस आणि ती रात्र मी फोन हातात घेऊन काढली. स्टीव्हशी बोलले हॉस्पिटलात. त्यालाही ती फोनवर मिळत नव्हती. रस्ते बंद, कुणी तिकडे जाऊ शकत नव्हतं. आईला काहीच कळवलं नव्हतं. काय कळवणार होते, की तुझी पैठणी सरकली?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईचा फोन आला. मी उचलला आणि नुसती रडले. तीही रडली, जी बाबा गेले तेव्हाही रडली नव्हती.

"गेले होते मी मंजे," ती म्हणाली. "जवळजवळ गेलेच होते."

कोकरं कोरडी करून ती परत निघाली होती. साडी धरून, मान खाली घालून. हातातला जाड लोकरी मोजा दिसत नव्हता, एवढं वादळ. मधे पैठणी लागली, तिला मोज्यातूनही हाताला कळलं, रेशीम वेगळंच लागतं. काही पावलं गेली आणि हातातली साडी अचानक सैल झाली. तिने ओढली तर ती तशीच येत राहिली. पुढचं टोक सुटलं होतं. घर कुठे, गोठा कुठे, काही कळेना. स्टीव्हने तिला शिकवलेलं होतं की अशा वेळी एक पाऊलही टाकायचं नाही. पण उभं राहिलं तरी मरणच. ती उभी राहिली. तिला झोप यायला लागली. नर्स आहे, झोपेचा अर्थ तिला माहीत होता.

"आणि मग साडी ताठ झाली," ती म्हणाली. "मला वाटलं कुठेतरी अडकली असेल, बर्फाच्या ढेपेत. ओढली तर सुटेल. पण... तू हसशील. मी झटका दिला. बाबा द्यायचे तसा. सवयीने गं, गाठ बसली का बघायला."

मी तिला तोवर एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं. शेल्टरचं नाही, काहीच नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग पलीकडून झटका आला. मला वाटलं स्टीव्हच आलाय. मी त्याला हाका मारत मारत ओसरीपर्यंत आले. ओसरीवर कुणी नव्हतं."

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. तिने खड्याच्या गाठीचं मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

नंतर रस्ता उघडला. स्टीव्हचा चुलतभाऊ बर्फ काढायचं यंत्र घेऊन आला, त्याने साड्या सोडून घरात आणल्या. सगळ्या गोठून वाशांसारख्या ताठ झालेल्या, टबमध्ये टाकून त्यांच्यातला बर्फ वितळवावा लागला. ताईने एकेक गाठ सोडली. सगळ्या तिच्याच, साध्या. फक्त पैठणी आणि इरकल यांच्यामधली गाठ तिला सुटेना. ती शेवटी सुरीच्या टोकाने मोकळी केली तर आतून डांबराची गोळी बाहेर पडली. तिने मला व्हिडिओवर दाखवली, तळहातावर ठेवून.

गुलाबी.

आता तुम्ही जे म्हणाल ते समीर आधीच म्हणून चुकला आहे. ताई आदल्या वर्षी आमच्याकडे आली होती, तिची बॅग शेल्टरमध्ये होती, एखादी गोळी त्यातून गेली असेल. शक्य आहे. मी स्वतः टेस्टर आहे, ही शक्यता मी सगळ्यात आधी लिहिली असती. पण बॅगेत गोळी जाणं वेगळं आणि गोळीभोवती बोंड करून दुसरं टोक मानेशी आवळणं वेगळं. ताईला ती गाठ येत नाही. मी तिला व्हिडिओवर शिकवायचा प्रयत्न केला, अजूनही तिला जमत नाही. आणि गाठ मध्येच सुटली हे तिने स्वतः हाताने अनुभवलं होतं. सुटलेली गाठ बर्फात आपोआप दुसऱ्या पद्धतीने बसत नाही.

मी पुन्हा घडवून बघितलं, अर्थातच. समीरला बाहेर बांबू धरून उभं केलं आणि दिवा बंद करून पैठणी हातात घेऊन आत बसले. नुसता उकाडा. पुन्हा एकदा बसले, ताई गोठ्यात गेलेली असताना वेळ जुळवून. उकाडाच. ॲन्टीने बाहेरून विचारलं, "यू ओके, ऑर नॉट?" आणि मला हसू आलं. आमच्या ऑफिसात अशा गोष्टीवर 'पुन्हा घडत नाही' असा शेरा मारून बंद करतात. मला ते करता आलं नाही.

स्टीव्ह आता काठी घेऊन चालतो. तो दर वर्षी थंडीच्या आधी दोर बांधतो, एक सोडून दोन, आणि ताई मेंढ्या विकायचं नाव काढत नाही. मीही आता म्हणत नाही. दोर बांधून झाला की ती मला व्हिडिओ कॉल करते, फोन ओसरीच्या कठड्यावर ठेवते आणि दोराला एक झटका देते. मी इकडे काही करत नाही. नुसती बघते. ती थोडा वेळ दोर धरून उभी राहते, वाट बघितल्यासारखी, आणि मग "बरं, ठेवते," म्हणून आत जाते.